सरळ केलेला फोटो

भिंत सरळ करायची होती, साहेब. तुम्ही फोटो सरळ केलात.

हे माझं तुमच्या तोंडावर बोलून झालंय. पण तेव्हा केबिनमध्ये बाहेरचं कुणी नव्हतं, आणि नंतर तुम्ही सांगितलंत की असं काही बोलणं झालंच नाही. म्हणून आता लिहून काढते, चारचौघांना वाचता येईल असं. तुमचं नाव घालत नाही, ऑफिसचंही नाही. ओळखणारे ओळखतील. बाकीच्यांनी आपापल्या भागातला साहेब डोळ्यांपुढे आणावा, फार फरक पडणार नाही.

मी आम्रपाली. राहते संत तुकाराम नगरला, फोटो काढते कंपन्यांचे. नवी मशीन बसली, नव्या शेडची फीत कापली, सेफ्टी वीक झाला की मला फोन येतो. चाकणच्या बाजूला काम असलं की दुपारचं जेवण कौशल्याबाईंच्या खाणावळीत. मोशीच्या पुढे हायवे सोडून आत वळलं की हिंदुरावनानांच्या खोल्यांची रांग लागते, तिथे. कौशल्याबाई बीडकडच्या. नवरा वारला तसे त्यांनी कंपनीतल्या पोरांचे डबे सुरू केले. जोडीला कस्तुरा, गावाकडची लांबच्या नात्यातली बहीण. ती भाकरी थापायची आणि अखंड बोलायची. तिची एक भाकरी कधी करपली नाही आणि एक गोष्ट कधी संपली नाही.

खोल्यांची दारं बोळात उघडतात. दारांसमोर, बोळाच्या दुसऱ्या बाजूला, भिंत. ती मुळात नानांच्या वडिलांनी शेळ्या अडवायला बांधलेली. भिंतीपलीकडचा सखल तुकडा एका गोडाऊनवाल्याने घेतला आणि त्यात भराव टाकला, डंपरच्या डंपर, थेट भिंतीच्या डोक्यापर्यंत. मग भिंत बुटकी वाटायला लागली, तर तिच्यावरच ब्लॉक रचून ती वाढवली, आणखी भराव टाकला आणि वरच्या सपाट जागेवर ट्रेलर लावायला सुरुवात केली. पाणी निघून जायला खाली एक भोक ठेवलं नाही. शेळ्या अडवणारी भिंत आता टेकडी अडवत होती. ती बोळाकडे कलली. आणि त्याच भिंतीला पत्रे टेकवून कौशल्याबाईंचं स्वयंपाकाचं छप्पर होतं, कारण खोलीत शेगड्या मावत नाहीत.

"आमी सांगून दमलो," नाना म्हणायचे. "त्यो गोडाऊनवाला म्हनतो, हापिसातला मानूस आना, मग बोलू. हापिसातला मानूस म्हनतो, तक्रार टाका, मग येऊ. भित कुनासाठी थांबनार हाय का?"

नानांच्या खोल्यांना परवानगी नाही, हे मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे आणि दर निवडणुकीला सगळ्यांनाच माहीत असतं. त्या अख्ख्या बोळात परवानगी असलेली एकच गोष्ट म्हणजे विजेचा खांब.

पहिला फोटो नवनाथने काढला. नवनाथचा छोटा हत्ती टेम्पो आहे, डबे कंपन्यांच्या गेटवर तोच पोचवतो. त्याने बोळात उभं राहून मोबाइल वर धरला, भिंत घेतली आणि तुमच्या ऑफिसच्या अ‍ॅपवर तक्रार टाकली. तुम्ही बोलावलंत. कौशल्याबाई म्हणाल्या, "पोरी, तू चल. साहेबाचं इंग्रजी मधीमधी येतं, ते मला टोचतं." म्हणून आम्ही तिघं आलो.

तुम्ही फोटो दोन बोटांनी मोठा केलात आणि हसलात. वाईट हसला नाहीत. वर्गात चुकीचं उत्तर आल्यावर मास्तर हसतात तसं.

"हा वाइड अँगल आहे. मोबाइल वर करून काढला की भिंती आत पडतात. मावशी, असा फोटो काढला तर आमची बिल्डिंगसुद्धा पडताना दिसेल."

"मग ती पण बघून घ्या एकदा," नवनाथ म्हणाला.

तुम्ही त्याच्याकडे बघितलं नाही. तुम्ही मला सांगितलंत की तुम्हालाही फोटोग्राफीची आवड आहे, सुटीला भिगवणला जाता. फ्लेमिंगो दाखवलेत. एकेक करून, सगळे. कौशल्याबाईंनी मान खाली घालून बघितले आणि म्हणाल्या, "लईच गुलाबी हाईत. ह्यांच्यावर कुनाची भित न्हाई ना?"

मग तुम्ही मला म्हणालात, "तुम्ही प्रोफेशनल आहात. लेव्हल करून फोटो आणा. खरंच कललेली दिसली तर लगेच माणूस पाठवतो."

आणि सगळ्यात घाण गोष्ट ही, की तुमचं बरोबर होतं. कॅमेरा वर उचलला की उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात. लेन्स जितकी रुंद, तितकं जास्त. नवनाथच्या फोटोत भिंत खोल्यांकडे झुकलेली होती आणि खोल्याही भिंतीकडे. तो फोटो पुरावा नव्हता. ज्याला ज्ञान आहे तो माणूस ते ज्ञान कशासाठी वापरतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मला वाटलं, चला, हा जाणकार आहे. नीट फोटो नेला की काम होईल.

माझ्याकडे एक जुना डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा आहे. चाकणच्या एका कंपनीतला जर्मन इंजिनिअर परत जाताना मला देऊन गेला. कंपनीच्या कामाला मी तो वापरत नाही, फार नखरे सोसावे लागतात त्याचे. पण त्याच्या रुंद लेन्सने कडेच्या रेषा वाकत नाहीत. माझ्या रोजच्या झूमने किंचित वाकतात, आणि तुम्हाला तेवढंही निमित्त द्यायचं नव्हतं.

ह्या कॅमेऱ्यात लेन्समधून दिसत नाही. कोपऱ्यात एक वेगळी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. रुंद लेन्स जेवढं घेते तेवढं त्या खिडकीत मावत नाही, म्हणून फ्लॅश लावतात त्या वरच्या खाचेत आणखी एक बघायची खिडकी, म्हणजे फाइंडर, बसवावा लागतो. कॅमेरा पातळीत आहे का ते दाखवणारी बुडबुड्याची लेव्हल, गवंड्याच्या लेव्हलची धाकटी बहीण, तीही त्याच खाचेत बसते. खाच एकच. म्हणजे लेव्हल दिसते तेव्हा फ्रेम दिसत नाही, आणि फ्रेम दिसते तेव्हा लेव्हल दिसत नाही. लेव्हल लावा, स्टँडवर कॅमेरा जमवा, लेव्हल काढा, धक्का न लावता फाइंडर लावा, बघा, पुन्हा फाइंडर काढून लेव्हल लावा, कारण धक्का लागलेलाच असतो.

शिवाय कॅमेरा पातळीत ठेवला की वर बघता येत नाही. बोळात उभं राहिलं तर खालचा अर्धा फोटो नुसती जमीन, आणि भिंतीचं डोकं कापलेलं. डोकं हवं तर कॅमेराच भिंतीच्या निम्म्या उंचीवर न्यायला हवा.

नवनाथने टेम्पो बोळाच्या तोंडाशी उलटा लावला. मी मागच्या हौद्यात स्टँड उभा केला, बुडबुडा मधे आणला. नवनाथ बघायला वर चढला. बुडबुडा पळाला.

"नवनाथ, उतर."

"ताई, मी काय एवढा जड आहे का?"

"टेम्पो तुझ्या बाजूला बसतोय."

"गाडी माझी, हप्ता माझा, आणि मीच खाली!"

"उतर रं," कौशल्याबाई खालून ओरडल्या. "त्या बुडबुड्याला तुझ्याहून जास्त अक्कल हाय."

तो उतरला, टेम्पोच्या चाकांना आणि मागच्या फळीखाली विटा लावल्या, आणि मग मला विचारलं, "आता श्वास घेऊ का, की त्यानंपण हालतंय?"

तेवढ्यात नाना ओळंबा घेऊन आले. गवंड्याचा, पितळी, लांब दोरीचा. "भितीच्या डोक्याला खुटी मारून बांधतो," म्हणाले. "तुज्या क्यामेऱ्याला खोटं म्हनतील, ह्याला म्हनतील व्हय?" शिडी लावून त्यांनी स्वतः खुंटी मारली. दोरी वर भिंतीला चिकटलेली, आणि खाली ओळंबा भिंतीपासून वीतभराहून जास्त लांब, हवेत. रोज ज्या भिंतीजवळून जातो ती किती आलीय पुढे, हे त्या दोरीशेजारी पहिल्यांदा दिसलं.

मी लेव्हल काढली, फाइंडर लावला. बघते तर भिंतीखाली बायका ओळीने उभ्या. आमच्याकडे मोठा कॅमेरा आला की माणसं कपडे बदलून येतात, मग साखरपुडा असो नाहीतर पंचनामा. कस्तुरा सगळ्यांच्या पुढे, लग्नाकार्याची निळी साडी, तोंडाला पावडर.

"मावशी, माणसं नकोत," मी कौशल्याबाईंना म्हटलं. "भिंतीचा फोटो आहे."

"राहू दे गं. हितं खाली मानसं राहत्यात, हे पन दिसू दे त्यांना."

"आन् मला एक कापी येगळी दे," कस्तुरा ओरडली. "सासूला धाडते. म्हनावं बघ, तुजी सून किती मोठ्या भितीखाली ऱ्हाती."

पहिले काही फोटो वाया गेले. फाइंडर लेन्सच्या वर बसतो, त्यामुळे तो जरा वरचं दाखवतो. मला त्यात खुंटी दिसत होती, फोटोत ती कापली जात होती. खुंटी नसती तर तुम्ही म्हणाला असता, दोरी कुठे बांधलीय कुणास ठाऊक. म्हणून स्टँड आणखी उचलला, पुन्हा बुडबुडा, पुन्हा फाइंडर. शेवटी जमला. उजवीकडे खोल्या, दाराच्या चौकटी सरळ उभ्या. मधे पाण्याचा पिंप, काठोकाठ, पाण्याची रेघ आडवी. डावीकडे भिंत, डोकं पुढे काढून बोळावर ओणवी. भिंतीसमोर दोरी, खुंटीपासून ओळंब्यापर्यंत. आणि खाली बायका. एकाच गोष्टीचा तोल गेलेला होता, आणि ती कुठली हे बालवाडीतल्या पोरानेही सांगितलं असतं.

फोटो तुम्हाला पाठवला. तुम्ही अंगठा पाठवलात.

नंतर एक दिवस नवनाथने मोबाइल माझ्यापुढे धरला. अ‍ॅपवर हिरव्या अक्षरांत: तक्रार निकाली. प्रत्यक्ष पाहणी केली असता भिंत सुस्थितीत आढळली. पाहणीला कुणी आलं नव्हतं. कौशल्याबाई दिवसभर त्या भिंतीला पाठ लावून बसतात, आलं असतं तर त्यांनी चहा पाजला असता. खाली पुरावा म्हणून फोटो होता. माझाच.

खोल्या कापलेल्या. पिंप कापलेला. बायका कापलेल्या, कस्तुराच्या पदराचा एक निळा तुकडा तेवढा कोपऱ्यात राहिलेला. आणि उरलेला फोटो फिरवून भिंत अगदी उभी केलेली, फुटपट्टी लावावी अशी. फक्त दोरी भिंतीपुढे होती, ती कापता आली नाही.

"ताई," नवनाथ म्हणाला, "ह्यांच्या फोटोत ओळंबा तिरका लटकतोय."

मी हसले. खरंच हसू आलं. मग पुन्हा नीट बघितलं. कुणीतरी एसीत बसून, चहा पीत, पृथ्वीचं खाली कुठे आहे तेच फिरवलं होतं, आणि त्याला काही वाटलं नव्हतं.

मी तुमच्याकडे आले. तुम्ही म्हणालात, "आमचा मुलगा फोटो अपलोड करताना व्हर्टिकल्स करेक्ट करतो. सवयीने. तुम्हीही कंपन्यांचे खांब सरळ करताच की."

"खांब सरळ असतात म्हणून करते. मग ही दोरी तिरकी कशी?"

तुम्ही चष्मा लावून बघितलंत. बराच वेळ बघितलंत. तुम्हाला दिसलं, साहेब. दिसलेलं मी तुमच्या चेहऱ्यावर बघितलं. मग तुम्ही म्हणालात, "वारा असेल."

वारा! पितळेचा तो गोळा मुठीत मावत नाही, आणि वारा.

तेव्हा मी ते बोलले, ह्या पत्राच्या सुरुवातीला लिहिलंय ते. तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, तक्रार पुन्हा टाका, नवीन नंबर मिळेल. आणि दारापर्यंत सोडायला येऊन म्हणालात, तुमची नजर चांगली आहे, आमच्या वर्धापनदिनाच्या प्रदर्शनाला काहीतरी द्या, निसर्गाचं वगैरे. बाहेर येऊन मी नळावर तोंड धुतलं. तरी तुमच्या रूम फ्रेशनरचा वास नाकातून जाईना.

आम्ही पुन्हा तक्रार टाकली. नवीन नंबर मिळाला.

त्यानंतर गोडाऊनच्या बाजूने एक ट्रेलर मागे घेताना कडेला आला. दुपार होती, सेकंड शिफ्टचे डबे भरून झाले होते. कौशल्याबाई डबे द्यायला बोळाच्या तोंडाशी नवनाथच्या टेम्पोजवळ गेल्या होत्या. कस्तुरा तव्यापुढे होती. आवाज फार मोठा झाला नाही असं नवनाथ सांगतो. गोणी खाली टाकल्यासारखा, आणि मग बराच वेळ माती येत राहिली. भिंतीचा अलीकडचा अर्धा भाग, त्यामागचा भराव, पत्रे. पोरांनी हातांनी उकरलं. कस्तुरा मिळाली तेव्हा तिच्या हाताला ओलं पीठ होतं.

त्या दिवशी तुमची माणसं आली. किती पटकन आली! पिवळी टेप, हेल्मेटं, ड्रोन. ड्रोनचे फोटो लेव्हल होते.

आता पुढचं, ज्यासाठी हे लिहायला बसले.

चौकशी लागली. तुमच्या ऑफिसातून मला फोन आला, फार अदबीने: मॅडम, तुमचा तो ओरिजिनल फोटो मोठ्या साइजमध्ये द्याल का, चौकशीला लागतोय. मला वाटलं, अखेर! मी आनंदाने दिला. खुंटी, दोरी, पिंप, खोल्या, बायका, सगळं.

चौकशीच्या दिवशी तो मोठा छापून फळ्यावर लावलेला होता. न कापलेला, न फिरवलेला. भिंत जशी होती तशी, ओणवी. तुमच्या माणसाने त्यावर लेझरचा लाल ठिपका फिरवला. भिंतीवरून, दोरीवरून, आणि तो थांबला कस्तुराच्या चेहऱ्यावर. पावडर लावलेल्या.

"भिंत धोकादायक अवस्थेत होती हे फोटोत स्पष्ट दिसतं," तो म्हणाला. "मृत महिला स्वतः त्या भिंतीखाली पोज देऊन उभी आहे. म्हणजे रहिवाशांना धोक्याची पूर्ण कल्पना होती. तरीही खाणावळ चालवणाऱ्या बाईंनी तिला तिथेच कामाला ठेवलं."

कौशल्याबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांना 'पोज' कळलं नाही. त्यांनी मला हळू विचारलं, "ह्ये कस्तुराबद्दल काय बोलतंय?" नवनाथने सांगितलं.

त्या उठून उभ्या राहिल्या. "साहेब, मीच म्हनले उभी राहा म्हनून. तुमाला दिसावं म्हनून उभी केली तिला."

"नोंद घ्या," तुम्ही म्हणालात. पहिल्यांदाच तोंड उघडलंत त्या दिवशी. "त्यांनी कबूल केलंय."

नानांवर गुन्हा, बिनपरवाना खोल्यांचा. कौशल्याबाईंवर गुन्हा, कस्तुराच्या मृत्यूला कारण झाल्याचा. गोडाऊनवाल्याला नोटीस, खुलासा करा म्हणून. नवनाथने चौकशीत अ‍ॅपवरचा तुमचा फोटो दाखवला, ज्यात भिंत उभी आणि ओळंबा तिरका. तुमच्या माणसाने सांगितलं, तो फोटो कमी रिझोल्यूशनचा आहे, त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

कौशल्याबाईंनी तवा सोडलेला नाही. शेगडी आता खोलीत आहे, दार लावलं की धूर कोंडतो, तरी दार लावूनच बसतात. परवा म्हणाल्या, "पोरी, त्यांचं खरं असंल. मी तिला दुसरीकडं बसवाया पायजे हुती." ह्याची मला जास्त किळस येते. भिंत तुम्ही कस्तुराच्या डोक्यावरून काढली नाहीत, आणि आता कौशल्याबाईंच्या मनात बांधून दिलीत.

मी चिडून लिहिते आहे आणि चिडूनच पाठवणार आहे. वर्तमानपत्राला, तुमच्या वरच्यांना, वरच्यांच्या वरच्यांना. तुमच्याकडून मला माफी नको. कौशल्याबाईंच्या दाराशी येऊन हात जोडायचं नाटकही नको, त्याचे फोटो काढायला तुम्ही मलाच बोलवाल. एकच उत्तर द्या.

भिंतीचा अलीकडचा अर्धा भाग पडला. पलीकडचा अर्धा अजून उभा आहे. त्याच्यामागे तोच भराव आहे आणि वर, कालपासून, पुन्हा ट्रेलर लागतोय. त्या अर्ध्या भिंतीसमोर पाच दारं आहेत, आणि पाचही घरांत माणसं राहतात, कारण शिफ्टच्या वेळेला पायी कंपनी गाठता येईल अशी दुसरी खोली त्यांना कुणी देत नाही. तक्रार टाकलेली आहे. फोटो जोडलेला नाही, मुद्दाम. ह्या वेळी तुम्ही स्वतः या, आणि तुमच्या डोळ्यांनी बघून, तुमच्या सहीने लिहून द्या.

उरलेली भिंत सरळ आहे की कललेली?